गैरहजर माणसाची पत्रिका

सोलमध्ये साजू, म्हणजे कोरियन जन्मपत्रिका, बघणाऱ्यासमोर बसलं की तो आधी जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ विचारतो, आणि पुरुष की स्त्री हे पाहतो. एवढ्यावर त्याचं काम सुरू होतं. पूर्वी त्यासाठी मान्सेर्योक नावाचं जाडजूड पंचांग उघडावं लागे. आता फोनवरही तेच निघतं. वर्ष, महिना, दिवस, वेळ या चारांच्या चार जोड्या होतात. प्रत्येक जोडीत दहांच्या चक्रातलं एक अक्षर वर आणि बारा प्राण्यांच्या चक्रातलं एक खाली, अशी एकूण आठ अक्षरं. दहा आणि बाराच्या मेळातून साठांचं चक्र फिरतं. प्रभव ते क्षय ही आपली साठ संवत्सरं माहीत असलेल्याला हे परकं वाटू नये. मात्र आपल्या पत्रिकेसारखी ग्रहांची घरं इथे नाहीत. दिवसाच्या जोडीतलं वरचं अक्षर म्हणजे खुद्द तो माणूस. उरलेली सात अक्षरं लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या पाच तत्त्वांच्या हिशेबात त्याला पोसतात, दाबतात किंवा झिजवतात. पैसा, नोकरी, लग्न, आईवडील यांबद्दलचं सगळं बोलणं त्यावर उभं राहतं.

नशिबाला प्रश्न विचारायची दुसरी एक वाट म्हणजे अंतःस्फूर्त लेखन. त्याला यातलं काहीच लागत नाही. प्रश्न मनात धरायचा, पेन कागदावर टेकवायचं आणि हात चालेल तसं लिहू द्यायचं. कोणी म्हणतं हे गुरूंचं सांगणं, कोणी म्हणतं मृतात्म्याचं, कोणी नुसतं ‘आतला आवाज’ म्हणून थांबतं. प्लँचेटचे प्रयोग ज्यांनी घरात ऐकले-पाहिले आहेत, त्यांना ही वाट ओळखीची आहे.

या दोहोंची तुलना निघाली की साधारणपणे साजूचं पारडं जड ठरतं. तिथे गणित आहे, नियम आहेत, दोन जाणकार तीच आठ अक्षरं काढतील. इकडे सगळाच लहरीचा कारभार. मला हा निवाडा पटत नाही. गणित काटेकोर आहे हे मान्यच, आणि त्यातली मेहनत पाहून आदरही वाटतो. कोरियाची प्रमाणवेळ १३५ अंश पूर्व रेखांशाची, आणि सोल आहे १२७ अंशांच्या आसपास. म्हणून घड्याळ सूर्याच्या सुमारे ३२ मिनिटं पुढे धावतं. चोख साजू बघणारा ती मिनिटं वजा करतो. १९५४ ते १९६१ या काळात देशाची प्रमाणवेळच अर्धा तास मागे होती, १९८७ आणि १९८८ च्या उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे केली होती, हेही तो विसरत नाही. मुंबईत जन्मलेल्याची पत्रिका मांडताना आपले ज्योतिषी स्थानिक वेळेचा ३९ मिनिटांचा फरक धरतात, तीच ही शिस्त.

पण ही सगळी शिस्त आठ अक्षरांपाशी संपते. त्या अक्षरांवरून ‘चाळिशीत धंदा बुडेल’ इथवर जाणारी वाट कोणत्याही गणितात नाही. शक्य असलेले आराखडे ५ लाख १८ हजार ४०० आहेत आणि दक्षिण कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या वर. म्हणजे सरासरीने एकेका आराखड्याला शंभरेक माणसं येतात, आणि त्यांची आयुष्यं काही एकसारखी जात नाहीत. साजूच्या भाकितांची परीक्षा कोणी घेतली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. आपल्याकडे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची घेतली होती. हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस, आणि कोणती कोणाची ते ओळखायचं. २७ ज्योतिष्यांची उत्तरं आली, त्यातली ४६ टक्के बरोबर होती. नाणं उडवूनही तेवढी येतात. तेव्हा भविष्य सांगण्याच्या कसोटीवर साजू वर आणि अंतःस्फूर्त लेखन खाली, अशी उतरंड लावायला आधार नाही.

फरक आहे, पण तो वेगळ्या जागी. साजूचा आराखडा माणूस समोर नसतानाही मांडता येतो. तो झोपलेला असो, परदेशी असो, त्याची इच्छा नसो. जन्मवेळ हाती आली की पुरे. स्वतःच्या हाताने स्वतःसाठी केलेल्या लेखनात हे शक्यच नाही. लिहिणारा नसेल तर कागद कोरा राहतो.

हा फरक किती मोठा आहे ते १९९० साली दक्षिण कोरियात दिसलं. त्या वर्षाची जोडी ग्योंग-ओ. ग्योंग म्हणजे धातू, धातूचा रंग पांढरा, ओ म्हणजे घोडा. म्हणून ते पांढऱ्या घोड्याचं वर्ष. त्या वर्षी जन्मलेल्या मुली हट्टी, नवऱ्याला जड जाणाऱ्या, अशी समजूत. मुलग्याचा हव्यास आणि गर्भाची सोनोग्राफी यांमुळे जन्मणाऱ्या मुलग्या-मुलींचं प्रमाण आधीच बिघडलं होतं. त्या वर्षी ते दर १०० मुलींमागे ११६.५ मुलग्यांवर गेलं. घोड्याच्या समजुतीचा त्यातला वाटा मोजून वेगळा काढणं अवघड, पण तो होता असं कोरियात बरेच जण मानतात. जपानात तर आकडे आणखी स्पष्ट आहेत. १९६६ हे अग्नी-अश्वाचं वर्ष, आणि मुलींबद्दल तशीच समजूत. १९६५ मधले सुमारे १८ लाख २० हजार जन्म त्या एका वर्षात १३ लाख ६० हजारांवर उतरले आणि पुढच्या वर्षी परत १९ लाखांच्या वर गेले. ज्या मुलींबद्दल हे ठरवलं गेलं त्या अजून जन्मल्याही नव्हत्या. मंगळाची मुलगी, मूळ नक्षत्रावरची मुलगी हे शब्द ज्या भाषेत बोलले जातात, तिच्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

आणि खुद्द साजूच्या शास्त्राशी तरी ही भीती प्रामाणिक होती का? साजूचं वर्ष चांद्र नववर्षाला बदलत नाही. ते ४ फेब्रुवारीच्या सुमारास, वसंतारंभाच्या सौर क्षणाला बदलतं. १९९० चं चांद्र नववर्ष २७ जानेवारीला होतं. ३० जानेवारीला जन्मलेली मुलगी शेजारपाजाराच्या लेखी घोडा, आणि साजूच्या हिशेबाने अजून सापाच्या वर्षातली. भीतीला एवढी बारकाई लागत नाही. तिला नुसता शिक्का हवा असतो.

आता दुसरी बाजू, कारण अंतःस्फूर्त लेखनही निर्मळ राहतंच असं नाही. २४ ऑक्टोबर १९१७ रोजी, लग्नाला चार दिवस झाले असताना, जॉर्जी हाइड-लीस यांनी पती, कवी विल्यम बटलर येट्स यांच्यासमोर असं लिहायला सुरुवात केली. नवरा खिन्न होता; त्याला बरं वाटावं म्हणून एखाद-दोन वाक्यं मुद्दाम लिहायची असा आपला बेत होता, पण मग हात आपोआप चालू लागला, असं त्यांनी पुढे सांगितलं. येट्स प्रश्न विचारीत, त्या लिहीत. साडेतीन हजारांहून अधिक पानं झाली. कवीला यातून प्रतिमा मिळाल्या, उतारवयातल्या कवितेला बळ मिळालं. इथवर मला हे लेखन फार मोलाचं वाटतं. दोन माणसं एकमेकांसमोर बसून, एरवी बोलता न येणारं कागदावर आणत होती.

पण येट्सना तेवढं पुरलं नाही. त्यांनी त्या पानांतून चंद्राच्या २८ कलांचं चक्र बांधलं आणि त्यात माणसं बसवायला घेतली. दान्ते आणि शेली सतराव्या कलेत, मित्र आणि परिचित आपापल्या खणांत. म्हणजे लेखनाचा पुन्हा आराखडाच झाला, आणि तोही इतरांबद्दल, त्यांना न विचारता बोलू लागला. ‘अ व्हिजन’ची पहिली आवृत्ती १९२५ ची. तीत या ज्ञानाचा उगम म्हणून एक काल्पनिक कथा रचलेली आहे. ज्यांच्या हातून ती पानं उतरली त्या जॉर्जींचा उल्लेख नाही. तो उघडपणे आला १९३७ च्या आवृत्तीत. कोष्टक तयार झालं तेव्हा लिहिणारीच गैरहजर होती.

सोलमधली तरुण मुलं मैत्रिणीला घेऊन साजूच्या कॅफेत बसतात, बघणाऱ्याशी वाद घालतात, ‘तुमचं पाणी जास्त आहे’ या वाक्यावरून घरच्या ताणाबद्दल तासभर बोलतात. त्याला माझा विरोध नाही. तिथे ती आठ अक्षरं बोलायला निमित्त देतात, आणि जिच्याबद्दल बोलणं चालू आहे ती ‘हे माझ्याबद्दल खरं नाही’ म्हणून उठूही शकते. पण त्याच देशात थेगिल म्हणून एक सेवा मिळते. सिझेरियन करायचंच असेल तर साजू बघणारा बाळासाठी चांगला दिवस आणि दोन तासांची खिडकी काढून देतो. आठ अक्षरं जन्मापूर्वीच निवडली जातात, धातू किती, पाणी किती, सगळं आईवडिलांच्या पसंतीने. नशीब आकाशातून येतं हा दावा इथे उरतच नाही. कोरे कागद घेऊन बसलेल्या माणसासारखेच हे दोघे आपल्या इच्छा लिहीत आहेत. फरक इतकाच, की ते लेखन पुढे मुलीच्या नावावर चढतं, आणि तिला ते आयुष्यभर स्वतःचा स्वभाव म्हणून वाचून दाखवलं जातं.