डीगची कारंजी

ग्वाल्हेरहून पहाटे निघून भरतपूर व कुम्हेर या मार्गाने आम्ही डीगला पोहोचलो, तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. गोपाल सागर आणि रूप सागर या दोन तलावांमध्ये राजा सूरजमल जाटाने अठराव्या शतकात उभविलेली ही भवने व त्यांमधील चारबाग पाहावयाची, हा आमचा जुना बेत.

कारंजी कोरडी होती. वर्षाकाठी काही उत्सवप्रसंगीच ती उडतात. त्यांना पाणी पुरविणारा विस्तीर्ण हौद इमारतीच्या छतावर आहे. पूर्वी विहिरींवर बैल जुंपून मोटांनी तो भरण्यास आठवडा लागे, आणि काही तासांत तो रिता होई. पाण्याच्या वाटेवर रंगाच्या पुरचुंड्या ठेवीत. मग तुषार रंगीत होऊन उडत. केशव भवनात तर ऐन उन्हाळ्यात पावसाचा आभास निर्माण करण्याची योजना होती!

माझ्यासमवेतच्या वडीलधाऱ्या स्नेह्यांचे बालपण मोटेच्या धावेवर गेलेले. हौद पाहून ते एवढेच म्हणाले, "मला कारंजे दिसत नाही हो, बैलाचा खांदा दिसतो."

या वाक्याने माझा दिवस अस्वस्थ केला. काही घटकांच्या शोभेसाठी आठवडाभर मुक्या जनावरांनी व अनाम माणसांनी राबावे, हे न्याय्य कसे? सौंदर्याचा भोक्ता मी आहे. ते नाकारणेही मला ढोंग वाटते.

मनाने लगेच एक पळवाट शोधली. 1754 साली मराठी फौजांनी कुम्हेरला वेढा दिला. तेथेच मल्हारराव होळकरांचे पुत्र आणि अहिल्याबाईंचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. पुढे 1761 च्या जानेवारीत पानिपताहून भुकेले, जखमी मराठे परतू लागले, तेव्हा याच सूरजमलाने त्यांना अन्नवस्त्र व आश्रय दिला. कालच्या शत्रूच्या पोराबाळांना जो जेवू घालतो, त्याच्या चार कारंज्यांचा हिशेब आपण मागावा काय? त्यातून आपण तर ऋणकोच!

परंतु हा युक्तिवाद टिकत नाही. ज्यांना अन्न मिळाले ते निराळे, आणि ज्यांनी मोट हाकली ते निराळे. एकाच्या ताटातील घासाने दुसऱ्याच्या घामाची फेड होत नाही. राजाचे औदार्य खरे, त्याचा विलासही खरा. या दोन रकमा एका खात्यावर मांडण्याचा अधिकार मला कोणी दिला? पूर्वजांच्या उपकारकर्त्याविषयी वाटणारी कृतज्ञता माझ्या न्यायबुद्धीला लाच देत होती, हे उमजले तेव्हा मी काहीसा खजील झालो.

मग ती कारंजी बांधूच नयेत, असे म्हणावे? तेही माझ्याने म्हणवेना. तिन्हीसांजेला गोपाल भवनाचे प्रतिबिंब पाण्यात थरथरत होते, आणि स्नेही स्वतःच ते पाहत मुकाट बसून राहिले होते. "निघायचे ना?" मी विचारले. "थांबा थोडे," ते म्हणाले.

कुम्हेर ओलांडले तेव्हा अंधार पडला होता. किल्ला दिसला नाही.