सूर्य कोणाचा?

देवळालीच्या उन्हाला एक जुना आणि काहीसा विचित्र लौकिक आहे. एकोणिसाव्या शतकात येथे इंग्रज सैन्याचा मोठा तळ होता. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत येथे महिनोन्‌महिने पडून असत. हाताला काम नाही, मनाला विरंगुळा नाही आणि डोक्यावर ऊन. त्यात काहींची मने बिघडत. त्या अवस्थेला शिपायांनी आपल्या गावाचेच नाव दिले: ‘डूलॅली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप. वेडसर माणसाला ‘डूलॅली’ म्हणण्याची रीत इंग्लंडात आजही आहे.

ज्या उन्हाला त्या परमुलखातील पोरांनी शिव्या दिल्या, त्याच उन्हाला आज आपण आपल्या छपरावर सन्मानाने बोलावीत आहोत. लॅम रोडने फेरफटका मारला की गच्च्यांवर निळसर काळ्या सौर तावदानांच्या रांगा दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर वीजक्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. तिकडे नाशिकरोडजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. मालगाड्यांनी आलेला कोळसा तेथे जळतो. त्या केंद्राने कित्येक घरांना भाकरी दिली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याने हवेत धूर सोडला आणि भुईवर राख टाकली, हेही खरेच आहे.

ख्रिस्तसभेने या बदलाचे स्वागतच केले आहे. १ जानेवारी १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात पोप जॉन पॉल दुसरे यांनी सृष्टीची हानी हा नैतिक प्रश्न आहे, असे बजावले होते. २००८ साली, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, व्हॅटिकनमधील पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौर तावदाने बसली. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली आले. जून २०२४ मध्ये त्यांनी रोमजवळच्या जागेवर सौर प्रकल्प उभारण्याची आज्ञा दिली. त्या पत्राचे नाव ‘फ्रातेल्लो सोले’, म्हणजे ‘बंधू सूर्य’. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी सूर्याला ज्या नात्याने हाक मारली, तेच हे नाते.

मग आपल्या धर्मग्रामाने मागे का राहावे? पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत सभागृहाच्या छपराचा विषय निघाला, तेव्हा कोणाचाच विरोध नव्हता. बिल वाचेल, उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणच्या तारांत जाईल आणि हिशेबात वळती होईल, असे हिशेब मांडले गेले. शासनाची घरगुती योजनाही कोणीतरी समजावून सांगितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, हे ऐकून अनेकांचे चेहरे उजळले. बैठक संपता संपता मागच्या बाकावरचा एक रिक्षावाला उठला. तो भाड्याच्या खोलीत राहतो. तो म्हणाला, “फादर, सूर्य सगळ्यांवर उगवतो असं तुम्हीच सांगता. अनुदान मात्र ज्याला स्वतःचं छप्पर आहे त्याच्यावरच उगवतं.”

लोक हसले. मीही हसलो. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. स्वर्गीय पित्याचा सूर्य सज्जन-दुर्जन असा भेद करीत नाही, या प्रभुवचनावर मी तीस वर्षे प्रवचने केली आहेत. त्या वचनाचा असाही अर्थ निघू शकतो, हे माझ्या ध्यानी कधी आले नव्हते.

सेमिनरीत आम्हांला शिकविले होते की, कोणत्याही कृत्याची नैतिक पारख तीन अंगांनी करावी: कृत्य स्वतः कसे आहे, त्यामागे हेतू काय आहे आणि ते कोणत्या परिस्थितीत घडते. उन्हापासून वीज करणे हे कृत्य निःसंशय चांगले आहे. हेतूबद्दल मात्र प्रत्येकाने आपले अंतःकरण तपासावे. सृष्टीची काळजी की नुसती बिलाची? बिलाची काळजी हे पाप नव्हे, पण तिला सृष्टिप्रेमाचा झगा चढवणे अप्रामाणिक आहे. खरी अडचण तिसऱ्या अंगाची, म्हणजे परिस्थितीची आहे.

आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील गोष्ट घ्या. विखरण गावचे धर्मा पाटील हे ८४ वर्षांचे शेतकरी. त्यांची पाच एकर जमीन सरकारी वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. त्या परिसरासाठी पुढे सौर प्रकल्पाची योजना आखली गेली. त्यांना सुमारे ४ लाख रुपये मिळाले; इतर काहींना याच्या कितीतरी पट अधिक मिळाले, अशी त्यांची तक्रार होती. दाद मागून थकल्यावर २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. त्यांच्या शेवटच्या कृत्याचा न्याय परमेश्वराकडे आहे, आणि तो दयाळू आहे. त्यांच्या प्रश्नाचा न्याय मात्र आपल्याकडे होता.

पवित्र शास्त्रात नाबोथच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. अहाब राजाला तो मळा कशासाठी हवा होता? भाजीपाला लावण्यासाठी! भाजीपाल्यात वाईट काय आहे? राजाने मोबदलाही देऊ केला होता. पण नाबोथला वाडवडिलांची जमीन द्यायची नव्हती, आणि त्याच्या नकाराची किंमत त्याच्या रक्ताने वसूल झाली. संदेष्टा एलिया राजाला जाब विचारायला गेला, तेव्हा त्याने भाजीच्या गुणदोषांची चर्चा केली नाही. हेतू कितीही हितकर असो, त्याने हिरावून घेण्याचा हक्क मिळत नाही.

तावदानांचीही एक अडचण आहे. त्यांच्या निर्मितीच्या सर्व टप्प्यांत चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ साली नोंदविले. तेथील शिनजियांग प्रांतात सक्तीच्या मजुरीचे आरोप झाले, आणि अमेरिकेने २०२१ साली तेथील मालाविरुद्ध कायदा केला. मग माझ्या छपरावरच्या काचेला कोणाचा घाम लागला आहे, हे मला कसे कळावे?

येथे शंकेखोर मन म्हणेल, नकोच ते. पण नीतिशास्त्रात पापातील निकटचा सहभाग आणि दूरचा सहभाग यांत भेद केला आहे. ज्याला दूरच्या अन्यायाची माहिती मिळविणे शक्य नाही, तो त्याचा अपराधी ठरत नाही. आणि हात झटकून बसणारा माणूस काही निर्दोष होत नाही. त्याचा दिवा कोळशावर जळतच असतो. अपूर्ण असले तरी चांगले काम करावे, आणि त्याचे देणे कोणाचे राहिले आहे याचा शोध थांबवू नये, एवढेच आपल्या हाती आहे.

ते देणे फेडण्याचे मार्गही आहेत. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. तीत शेतकरी आपली जमीन भाड्याने देऊ शकतो. मालकी त्याच्याच नावावर राहते. त्या विजेमुळे शेतीला दिवसा पाणी देता येते. रात्री साप-बिबट्याच्या भयात उसाला पाणी धरणाऱ्यांना याचे मोल विचारावे. शिर्डीत २००९ साली साईबाबा संस्थानने प्रसादालयावर ७३ सौर तबकड्या बसविल्या. त्यांच्या वाफेवर भक्तांचे अन्न शिजू लागले, आणि भोजनाला येणाऱ्याची जात वा धर्म तेथे कोणी विचारीत नाही. त्या तबकडीची रचना वोल्फगँग शेफलर या ऑस्ट्रियन संशोधकाची. त्याने तिच्यावर मक्तेदारी सांगितली नाही. गावच्या कारागिरालाही ती करता यावी, अशीच त्याची इच्छा होती. सूर्य कोणाचा, याचे त्याने हाताने दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

पुढच्या बैठकीत मी रिक्षावाल्याचा प्रश्न पुन्हा मांडला. बरीच चर्चा झाली. काहींना ती अनावश्यक वाटली. अखेरीस ठरले ते असे: सभागृहावर तावदाने बसवायची, पण वाचणारी रक्कम सामान्य निधीत मिसळायची नाही. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी सभागृह रोज संध्याकाळी अभ्यासाला उघडे ठेवायचे, मग ती मुले कोणत्याही धर्माची असोत. आणि त्यांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या बचतीतून करायचा. दक्षिणेकडच्या जुन्या चिंचेची सावली दुपारी काही तावदानांवर पडणार होती. झाड तोडण्याची सूचना आली, पण ती मान्य झाली नाही. थोडी वीज कमी मिळेल. ती चिंच आपल्या आधीपासून तेथे उभी आहे.

एवढ्याने धर्मा पाटलांना न्याय मिळाला, असे मी म्हणत नाही. दूरच्या कारखान्यातील मजुराचे नावही मला माहीत नाही. मिस्सेत भाकर अर्पण करताना आपण ती भूमीचे फळ आणि मानवी श्रमाचे फळ आहे, असे मानतो. सभागृहात दिवा लागेल तेव्हा त्या प्रकाशाविषयीही आपण तसेच मानावे, आणि ती भूमी कोणाची व ते श्रम कोणाचे हे अधूनमधून एकमेकांना विचारीत राहावे, अशी माझी विनंती आहे.