अंतर

मुंबई-नागपूर रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर. म्हणजे एक रात्र, एक जेवणाचा डबा आणि निदान तीन नव्या ओळखी. हवेतून सुमारे ६९०. (मधले दीडशे कुठं गेले विचारू नका, रुळांच्या वळणांत असतील!) विमानाला दीड तास पुरतो.

आमचे एक शेजारी पूर्वी रिझर्वेशनच्या रांगेत पहाटेपासून उभे राहून दिवाळीला आईकडे नागपूरला जायचेच. आता म्हणतात, "दीड तासाचा तर प्रश्न, केव्हाही जाता येतं!" 'केव्हाही' हा वार काही कालनिर्णयात सापडत नाही. रात्रभराच्या प्रवासाची सबब एक वेळ माफ. दीड तासाची माफ करायची कुणी?

तिकडे आई शेजारणीला सांगते, "लांब असतो हो तो, बिचाऱ्याला जमत नाही."