दर्याचा सातबारा

वाढवण बंदराच्या बाजूने मांडला जाणारा सगळ्यात बिनतोड युक्तिवाद असा, की बंदरासाठी कोणाचेही घर हलवावे लागत नाही. पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या वाढवण गावासमोर १,४४८ हेक्टर समुद्रात भराव पडणार, १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटारोधक बंधारा उभा राहणार, प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स होणार. हे सगळे पाण्यात. जमीन पाण्यातूनच निर्माण होणार, मग विस्थापित कोण होतो? जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ऑगस्टअखेर पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि या साऱ्या काळात हा युक्तिवाद अधिकारी, पुढारी आणि टीव्हीवरचे तज्ज्ञ यांच्या तोंडी खणखणीतपणे येत राहिला.

तो खोटा नाही, आणि त्यामुळेच त्याच्याकडे नीट पाहायला हवे. कागदावर तो पूर्ण खरा आहे. आपल्याकडे विस्थापित व्हायचे तर आधी कुठल्यातरी सर्व्हे नंबरावर नाव असावे लागते. बंदराला महामार्गाशी जोडणारा वरोर ते तवा हा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता जमिनीवरून जातो, म्हणून तिथे नोटिसा निघतात, मोजणी होते, झाडे मोजली जातात, दरावरून भांडणे होतात आणि शेवटी, कमी असो वा उशिरा, पैसा मिळतो. समुद्राला सातबारा नाही. ज्या पाण्यात पिढ्यान्पिढ्या जाळी पडली त्या पाण्यावर कोळ्याचे, मांगेल्याचे नाव कुठेच लागलेले नाही. ते पाणी उद्या जमीन होईल तेव्हा त्याला पहिल्यांदा नंबर मिळेल, आणि त्यावर पहिले नाव लागेल ते बंदराचे.

कागद नाही म्हणजे हक्कच नाही, असे मात्र किनाऱ्यावर कोणी मानत नाही. वसईपासून डहाणूपर्यंतच्या समुद्रात डोल जाळी लावण्यासाठी कवी, म्हणजे जाळे बांधायचे समुद्रतळात रोवलेले खांब, मारलेल्या असतात. कोणत्या गावाची कव कुठवर, कोणी कोणाच्या पुढे जाऊन कव मारायची नाही, यावर गावागावांत वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. बैठका, तडजोडी, क्वचित हाणामाऱ्याही. ज्या पाण्यात हद्दीवरून इतके भांडण होते ते पाणी ओसाड कसे? महसूल खात्याच्या नकाशात जो भाग नुसता निळा रंगवलेला आहे तो मच्छीमाराच्या डोक्यात शेताच्या बांधांइतका काटेकोर आखलेला असतो. ओहोटीला उघडा पडणारा खडपाचा पट्टाही तसाच. इथे भरती-ओहोटीतले अंतर मोठे असते, पाणी लांबवर आत जाते, आणि बायका टोपल्या घेऊन कालवे, शिंपल्या, चिंबोऱ्या काढायला उतरतात. होडीही नाही, जाळेही नाही अशा घरातले कालवण या खडपावर अवलंबून असते. प्रकल्पबाधितांच्या कुठल्या रकान्यात या बाईला बसवणार?

माझे म्हणणे असे, की अशा बिनकागदी माणसांकडे डहाणूत एकच कागद होता, आणि तो पर्यावरणाच्या कायद्याने दिलेला होता. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांसाठी साऱ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांपेक्षा जास्त जागा नाही, प्रदूषणाच्या लाल गटातल्या उद्योगांना बंदी. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालात या अधिसूचनेच्या रक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत त्यांनी ते काम पाहिले.

हे प्राधिकरण शोभेचे नव्हते. वाढवणला बंदर बांधण्याचा पी अँड ओ या कंपनीचा प्रस्ताव त्याने १९९८ साली नाकारला. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा बसवायला लावली. त्यासाठी आदेश दिले, मुदती दिल्या, मुदती उलटल्यावर ३०० कोटींची बँक हमी मागितली, आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांवर असे काही नव्हते त्या काळातली ही गोष्ट आहे. पर्यावरणवादी फक्त ‘नको’ म्हणतात, असे म्हणणाऱ्यांनी डहाणूचे हे उदाहरण पाहावे. वीजकेंद्र बंद पडले नाही, वीज तयार होत राहिली, चिकूच्या बागाही राहिल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मग १९९८ ते २०२३ या काळात काय बदलले? समुद्र बदलला नाही, अधिसूचनाही रद्द झाली नाही. बंदर कशाला म्हणायचे ते बदलले. २०२० मध्ये प्रदूषण नियंत्रणाच्या वर्गवारीत फेरबदल झाला आणि बंदर, जेटी, गाळ उपसणे ही कामे उद्योगांच्या यादीतून निघून ‘बिगर-औद्योगिक’ ठरली. उद्योगच नाही म्हटल्यावर लाल गट कुठला आणि बंदी कसली? त्याच प्राधिकरणाने, अध्यक्ष आणि सदस्य बदललेले असताना, ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून बंदराला ना-हरकत दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी आली. १८ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या. कायद्याच्या चौकटीत हे सगळे बसते, असे न्यायालयाने म्हटले आणि ते मी मान्य करतो. पण ‘बसते’ आणि ‘बसवले’ यांतला फरक समजायला वकील असावे लागत नाही.

आता दुसरी बाजू. ती हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे पटत नाही. न्हावा-शेवाच्या बंदरात फार तर १५ मीटर डुबाव्याची जहाजे येऊ शकतात आणि तिथली क्षमता वर्षाला एक कोटी कंटेनरांच्या आसपास संपते. जगातली मोठी कंटेनर जहाजे याहून खोल पाणी मागतात. वाढवणला किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली आहे. आपला बराच माल आजवर कोलंबोसारख्या परक्या बंदरात जहाज बदलत आला, त्याचा खर्च आपल्याच निर्यातदाराच्या बोकांडी बसतो. हे खरे आहे. आणखी एक गोष्ट विरोधकांना टोचते, तीही सांगायला हवी: मासळी काही बंदरामुळे कमी झालेली नाही. पापलेटची पिल्ले पकडून विकली गेली, पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडीच्या दिव्यांनी समुद्र उपसला गेला, तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी खाडीत गेले. बंदराचा पहिला दगड पडण्याआधीच सातपाटीचे पापलेट रोडावले होते.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? आजारी माणसाला आधीच ताप आहे म्हणून त्याला उपाशी ठेवायला हरकत नाही, असा तर नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केले. त्याआधी एक महिनाभरच बंदराला ना-हरकत मिळाली होती. दोन्ही कागद एकाच समुद्राबद्दलचे. मच्छीमार या पट्ट्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात, कारण खडप, गाळ आणि खाड्यांची तोंडे इथे जवळजवळ आहेत. मासळीला अंडी घालायला आणि पिल्लांना वाढायला लागतो तो आडोसा यातूनच मिळतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुरबे गावातल्या एका बोटीला वाढवणसमोरच्या समुद्रात दीडशेवर घोळ मासे सापडले आणि सव्वा कोटीहून जास्त पैसे मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी लॉटरीसारखी छापली. किनारा लॉटरीवर जगत नाही. तो वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांवर आणि जवळ्याच्या वाट्यावर जगतो, ज्यांची बातमी होत नाही.

दहा किलोमीटरचा बंधारा उभा राहिल्यावर लाटा आणि प्रवाह वाट बदलतील, गाळ दुसरीकडे बसेल, कुठेतरी किनारा खचेल. पुदुच्चेरीला १९८० च्या दशकाअखेरीस बंदराचे बंधारे झाले आणि शहराची पुळण वाहून गेली. तिथे आता दगडांची भिंत आहे. वाढवणचा समुद्र पुदुच्चेरीचा नव्हे, तिथले अनुमान इथे जसेच्या तसे लावता येणार नाही. तरीही भरावासाठी दमणसमोरच्या समुद्रातून सुमारे २० कोटी घनमीटर वाळू उपसून आणायची, मुरूम-दगड पालघरच्या डोंगरांतून आणायचा, म्हणजे बंदराची खरी हद्द वाढवणपुरती राहत नाही.

इथे रस्त्याकडे परत यावे लागते, कारण विरोधाच्या सगळ्या चर्चेत रस्ता मागे पडतो. बंदर डोळ्यांत भरते, रस्ता हळूच येतो. पालघर जिल्ह्यातून आधीच बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग गेला आहे. त्यात बंदराचा ३२ किलोमीटरचा रस्ता, बारा किलोमीटरचा लोहमार्ग, आणि तव्यापासून थेट समृद्धी महामार्गावरच्या भरवीरपर्यंत सुमारे १०५ किलोमीटरचा नवा मार्ग. यातल्या प्रत्येकाचा अहवाल वेगळा, मंजुरी वेगळी, सुनावणी झाली तर वेगळी. प्रत्येक अहवालात परिणाम ‘सौम्य’ आणि ‘आटोक्यात ठेवता येण्याजोगा’. बेरीज कोणीच करत नाही. गोव्यात मोलेच्या जंगलातून महामार्ग, दुहेरी लोहमार्ग आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प आले तेव्हा लोकांनी ते तिन्ही एकत्र ठेवून पाहिले आणि टोकाला मुरगाव बंदरातला कोळसा दाखवला. ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. डहाणूची १९९१ ची अधिसूचना नेमके हेच करत होती: ती प्रकल्पाला नव्हे, आख्ख्या तालुक्याला एक नग मानत होती.

रस्त्यामुळे आणखी एक जुनी गोष्ट वर येते. डहाणूचे हिरवेपण निरागस नाही. इथल्या वाड्या आणि बागा ज्या जमिनींवर उभ्या राहिल्या त्यांच्यावर वारल्यांनी वेठबिगारी केली, आणि १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या बरोबर ते उठले तेव्हा कुठे वेठ मोडली. चिकूबाग वाचवा म्हणणाऱ्या बागाईतदाराने आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमाराने ही आठवण ठेवावी, कारण नवे रस्ते किनाऱ्यापासून आत वळले की त्याच वारल्यांच्या पाड्यांतून जातात. हा पाचव्या अनुसूचीतला भाग आहे, इथे पेसा कायदा लागू आहे, भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे. किनाऱ्याकडे हक्काचा कागद नाही. डोंगराकडे कागद आहे, पण तो विचारला जाईलच असे नाही. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा किनाऱ्यावर जितकी घुमली तितकी पूर्वेकडच्या पाड्यांत घुमली नाही, आणि ही आंदोलनाची मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे.

समुद्राला सातबारा नसला तरी नुकसान मोजता येते, हे याच राज्यात सिद्ध झालेले आहे. उरण-पनवेल भागातल्या मच्छीमारांनी न्हावा-शेवा बंदराचा विस्तार आणि इतर प्रकल्पांमुळे मासेमारी बुडाल्याची तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे नेली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यायचा आदेश दिला. मालकीचा कागद नसलेल्यांच्या उपजीविकेला किंमत असते, हे त्यात मान्य झाले. दुःख एवढेच, की ते झाले खारफुटी आणि खाडी गेल्यानंतर, वर्षांनुवर्षांच्या लढ्यानंतर.

म्हणून आज वाढवणचे काम पुढे सरकत असतानाही विरोधाला काम उरलेले आहे, आणि ते घोषणेपेक्षा कंटाळवाणे आहे. मच्छीमार सहकारी संस्थांच्या दप्तरात डिझेल परताव्याच्या नोंदी असतात: कोणती बोट कधी निघाली, किती डिझेल उचलले. काही संस्थांकडे मासळीच्या विक्रीची बिलेही असतात. जाळे कुठे पडत होते, खडपावर किती बायका उतरत होत्या, कोणत्या महिन्यात काय मिळत होते, हे अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. बंधारा पाण्याबाहेर यायच्या आत हे सगळे तारीखवार, गाववार लिहून, नकाशावर मांडून, ग्रामसभेच्या ठरावाला जोडून ठेवायला हवे. भरवीरच्या रस्त्याची सुनावणी लागेल तेव्हा वारली पाड्यांच्या ग्रामसभांनी त्या रस्त्याचा अहवाल एकटा न घेता बंदर, लोहमार्ग, वाळू आणि मुरुमाच्या खाणी यांच्यासकट मागावा. ना-हरकत देताना प्राधिकरणाने अटी घातल्या आहेत. त्यातल्या किती पाळल्या गेल्या हे विचारण्यासाठी तेच प्राधिकरण अजून कायद्याने अस्तित्वात आहे, आणि त्याच्या दारात अर्ज घेऊन जायला कोणाच्याही नावावर सातबारा असावा लागत नाही.