वरचे पाणी, खालचे पाणी



धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुम्ही यवतमाळ, वणी, पुसदहून एस.टी.ने नागपूरला जाता. शहरात नाग नदीचा पूल लागतो. आपण नाकाला पदर लावतो आणि नाला म्हणून पुढे जातो. पण १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी याच नदीचा उल्लेख केला होता. ज्या नाग लोकांना ते आपले पूर्वज मानत, त्यांच्यावरून तिला हे नाव पडले असावे, असे त्यांनी सांगितले. ती नदी आज शहराचे सांडपाणी वाहते.

नदीत बुडी मारून पाप धुतले जाते, ही समजूत आपण सोडली. थेरीगाथेतील पुण्णिका पाणी भरणारी दासी होती. थंडीत कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला तिने सुनावले की, पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक-कासवेही स्वर्गाला जातील. हे खरेच आहे. परंतु नदी पवित्र नाही, म्हणून ती उकिरडा ठरते काय?

घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. कित्येक गावांत आपला पाणवठा प्रवाहाच्या खालच्या अंगाला असे. वरच्यांनी गुरे धुवावीत, भांडी विसळावीत, आणि तेच पाणी आपल्या आयांनी घागरीत भरावे. तो अन्याय आपण विसरलेलो नाही.

आता पुढे पाहा. नाग नदीचे पाणी कन्हानमधून वैनगंगेत आणि गोसीखुर्द धरणात जाते. त्या काठांवर शेतकरी आहेत, ढीवर आहेत. पैनगंगेला पोटात घेऊन आलेली आपली वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. सागराला मिळालेल्या नद्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, तशी संघात जात उरत नाही, हा तथागतांचा दृष्टान्त बाबासाहेबांनी त्याच भाषणात दिला होता. संगमावर नदीचे नाव जाते. घाण मात्र जात नाही. ती खालच्याच्या ओंजळीत पडते.

सांडपाणी शुद्ध करणे हे नगरपालिकेचे काम आहे. ते एकजुटीने मागा. पण पुसदची पूस असो की वणीची निर्गुडा, तिच्यात घरचा केर टाकणारा हात आपला असेल, तर तो आपणच आवरला पाहिजे. खाली राहणारा आपल्या ओळखीचा नसतो. त्याचा विचार करणे हीच मैत्री. वरच्यांनी आपल्याला जे पाजले, तेच आपण खालच्यांना पाजणार असू, तर दीक्षेने आपल्यात काय बदलले?

जय भीम!