जिंकल्यानंतरचे प्रायश्चित्त

अहिंसेला परम धर्म म्हणणाऱ्या महाभारतातल्या वचनाला हल्ली एक शेपूट जोडलेले असते: धर्मासाठी केलेली हिंसाही तितकीच श्रेष्ठ. भाषणांत आणि व्हॉट्सअॅपवर ही जोडी इतकी रुळली आहे की तिचे मूळ शोधायला कोणी जात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हे शेपूट नाही. वचनाचा पूर्वार्ध अनुशासनपर्वात आहे, पण तिथे चर्चा चालली आहे मांसाहाराची. शरपंजरी पडलेला भीष्म युधिष्ठिराला मांस का खाऊ नये ते समजावतो आहे. अर्थात, म्हणून शस्त्र उचलायला परंपरेची मुभाच नव्हती असे कोणी समजू नये. मुभा भरपूर होती. माझे म्हणणे एवढेच की ती मुभा मिळाली तरी दोषाची माफी मिळत नव्हती, आणि आज आपण या दोन गोष्टी सर्रास एक करून टाकतो.

योगसूत्रांनी अहिंसेला महाव्रत म्हटले ते जात, देश, काळ आणि प्रसंग यांची कसलीही सवलत न घेता पाळले तर. ‘क्षत्रियाने फक्त युद्धातच मारावे’ हा नियमसुद्धा व्यासभाष्याच्या हिशेबी सवलतीतच जमा होतो. पण हे झाले योग्याचे. संसारी माणसाची बाजू वनपर्वातला धर्मव्याध मांडतो. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा हा माणूस कौशिक ब्राह्मणाला विचारतो की नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात, मग अहिंसक म्हणावे कोणाला? एवढेच ऐकून आपण खूश होतो. तो स्वतः जनावर मारत नाही, मांस खात नाही, आणि तरीही आपला धंदा घोर आहे असे स्वच्छ सांगतो, हा पुढचा भाग मात्र सांगायचा राहतो.

युद्ध संपल्यावर युधिष्ठिराचे काय होते ते पाहावे. त्याची बाजू न्यायाची होती. शिष्टाई फसल्यावर, पाच गावेही नाकारली गेल्यावर तो लढला. शांतिपर्वाच्या आरंभी हाच विजेता राज्य सोडून वनात जायला निघतो. त्याला थोपवताना भीम चिडतो, द्रौपदी खडसावते, अर्जुन दंडाची महती गातो. व्यास त्याला समजावतात, पण ‘तुला पाप लागलेच नाही’ एवढ्यावर प्रकरण मिटत नाही; पापक्षालनासाठी अश्वमेध करावा लागतो. त्या यज्ञाच्या शेवटीही अर्धे अंग सोन्याचे असलेला एक मुंगूस येतो आणि सुनावतो की कुरुक्षेत्रातल्या एका उपाशी ब्राह्मणाने अतिथीला दिलेल्या शेरभर सातूचीही सर या यज्ञाला नाही. द्रोणाला फसवताना उच्चारलेल्या त्या अर्धसत्याची किंमत तर स्वर्गाच्या दारात वसूल होते: युधिष्ठिराला काही काळ नरक पाहावा लागतो. शत्रू अधर्मी होता, ही सबब इंद्रापुढे चालत नाही.

यावर गीतेचा आक्षेप येणारच. ज्याला अहंकार नाही तो मारूनही बद्ध होत नाही, असे अठरावा अध्याय सांगतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी याच धाग्यावर अहिंसेचे अपवाद तर्कशुद्ध मांडले, आततायीला मारण्यात दोष नाही हे मनूचे वचनही तिथे आहे. गांधींनी ‘अनासक्तियोगा’त तोच धागा उलट ओढला आणि पूर्ण अनासक्ती आली की हिंसा आपोआप गळते असे म्हटले. मला यात टिळकांचे शब्दार्थाचे वाचन जवळचे वाटते, पण त्याचा लाभार्थी कोण? ज्या अर्जुनाने गीता प्रत्यक्ष ऐकली, तो आश्वमेधिक पर्वात कृष्णाला सांगतो की तेव्हा सांगितलेले सगळे मी विसरलो. कृष्ण त्याला बोलही लावतो. खुद्द अर्जुनाची ही गत, तर सभेत माइकपुढे उभ्या असलेल्या माणसाने निरहंकाराचा दाखला स्वतःसाठी वापरणे धाडसाचेच. मनूच्या वचनाचेही तसेच. मिताक्षराकार विज्ञानेश्वर ते शब्दशः घेत नाही. आततायी ब्राह्मणाला रोखताना, मारण्याचा हेतू नसताना तो मेला, तरी हलके का होईना, प्रायश्चित्त तो सांगतोच.

अशा पश्चात्तापाने राज्यकर्ता दुबळा होईल, ही भीती व्यवहारी माणसाला वाटते. युधिष्ठिर दुबळा झाला नाही. तो गादीवर बसला, भीष्माकडून दंडनीती शिकला आणि छत्तीस वर्षे राज्य केले. दोष मान्य करणाऱ्यालाच बळ कुठे थांबवायचे ते कळण्याची शक्यता असते. ज्याच्या लेखी दोषच नाही, त्याला थांबायला कारण उरत नाही. अश्वत्थामा त्याच ग्रंथात आहे. बापाच्या कपटी वधाचा सूड हे त्याचे कारण खरेच होते, आणि त्याच कारणावर त्याने रात्री झोपलेली छावणी कापली.

गीतेपाशी थांबलेल्या वाचकांनी निदान शांतिपर्वाचे पहिले तीसेक अध्याय वाचावेत. मराठीत भाषांतरे आहेत, आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून ती मिळतात.