मुठीपासून प्लगपर्यंत

टाकीवर अजूनही 'हिरो होंडा' ही अक्षरे असलेली एखादी जुनी स्प्लेंडर डोळ्यांसमोर आणा. 1994 साली ही गाडी बाजारात आली. 97.2 सीसीचे इंजिन, एक सिलिंडर, एक कार्बोरेटर. हिरो आणि होंडा यांनी 2010 च्या अखेरीस वेगळे व्हायचे ठरवले. म्हणजे ज्या गाडीवर ही अक्षरे आहेत, तिने बरेच पावसाळे पाहिलेत आणि बहुधा दोन-तीन मालकही. आता ती तुमच्याकडे आली आहे. सकाळी सुरू होते, पण रेस दिली की अडखळते. चढावर पिकअप घेत नाही. कधी सिग्नलला बंद पडते, कधी रेस चढूनच राहते.

अशा वेळी हात लगेच स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तो थांबवा. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन थंड होऊ द्या. मोकळ्या हवेत बसा. आसपास विडी, दिवा, ठिणगी काही नको. मनात एकच प्रश्न ठेवा: हिचे नेमके कुठे अडते आहे?

सुरुवात मुठीपासून करा, कारण रेस अडकून राहणे हा जिवावरचा दोष आहे. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळा आणि सोडून द्या. ती आपणहून, खटकन मागे येते का? सावकाश येत असेल, मध्येच थांबत असेल, तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. केबल आतून गंजली असेल, तिच्या तारा सुटत असतील, किंवा कार्बोरेटरमधली स्लाइड मळली असेल. मग पुन्हा मूठ अगदी हलकी फिरवा. केबल ताण घेण्याआधी मुठीच्या कडेला 2 ते 6 मिलिमीटर ढिलाई हवी. आता इंजिन सुरू करून हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवा. वळवताना आवाज चढला, तर केबल कुठेतरी ओढली जाते आहे, तिची वाट चुकली आहे. हे पाहायला एकही पाना लागला नाही, हे लक्षात घ्या.

इंजिन बंद करा आणि क्षणभर थांबून मुठीचा विचार करा. मूठ पिळली की आपण पेट्रोल सोडतो, असे वाटते. प्रत्यक्षात आपण हवेची वाट मोकळी करतो. केबल स्लाइड वर उचलते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक नळीतून आपसूक वर ओढले जाते. शुद्ध पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या जवळपास पंधरा पट हवा लागते. पेट्रोलची तक्रार म्हणून आपण जे पाहतो, ते पुष्कळदा हवेचे दुखणे असते.

आता पेट्रोलच्या वाटेने चला. कालव्याच्या टोकाचे शेत कोरडे राहिले तर शेतकरी शेतात खणत बसत नाही, तो पाटाच्या कडेकडेने वर चालत जातो आणि पाणी कुठे अडले ते पाहतो. आपणही तसेच वर जायचे, थेट टाकीच्या झाकणापर्यंत. त्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते बुजले की पेट्रोल उतरेल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि थोडे अंतर नीट चाललेली गाडी श्वास कोंडल्यासारखी बंद पडते. झाकण उघडताना 'सुस्स' आवाज आला आणि त्यानंतर गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर दोष सापडला. बाकी काही उघडायची गरज नाही.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरकडची नळी काढून तिचे टोक काचेच्या बाटलीत धरा आणि पेट्रोल कॉक उघडा. धार पहा. ती सलग आहे की तुटक? आधी कॉक नेहमीच्या खुणेवर, मग रिझर्व्हवर. नेहमीची वाट उंच नळीतून येते, रिझर्व्हची टाकीच्या तळालगत. म्हणून तळाचा गंज आणि गाळ रिझर्व्हवरच जास्त येतो.

आता ती बाटली उजेडात ठेवा आणि घाई न करता पहा. तळाशी तांबूस कण बसले, तर टाकी आतून गंजते आहे. खाली पाण्यासारखा वेगळा थर दिसला, तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. वास जुन्या वॉर्निशसारखा आला, तर पेट्रोल शिळे आहे. आज पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्यातले काही इथेनॉल आपल्याच महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून येते. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि ओलावा फार झाला की पाण्यासह तळाशी वेगळे होते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि रिंगाही त्याला सरावलेल्या नसतात. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत शिळे पेट्रोल ठेवू नये आणि चिरलेली नळी बदलायला कुचराई करू नये.

इथवर सगळे स्वच्छ निघाले, तरच कार्बोरेटर. त्यालाही आधी प्रश्न विचारा. गाडी मूठ किती पिळल्यावर अडते? रेस न देता किंवा जेमतेम दिल्यावर अडत असेल, तर पायलट जेट पहा. मूठ मधल्या टप्प्यात असताना अडत असेल, तर सुई. पूर्ण पिळल्यावर दम सोडत असेल, तर मेन जेट. इंजिन गरम असताना चोक अर्धा लावून पहा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त होते आहे. त्या वेळी एअर फिल्टर उघडा, तो धुळीने गच्च असेल. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाही. रेस आपोआप वरखाली होत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावरचे रबर चिरलेले आहे का, पहा.

दोष पायलट जेटकडे दिसला, तर ते काढून हातात घ्या. पितळेचा हा तुकडा बोटाच्या पेराएवढाही नाही. तो आकाशाकडे धरून त्याच्या छिद्रातून पहा. उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसायला हवा. ठिपका कडेने खाल्लेला दिसला, तर तिथे वाळलेल्या पेट्रोलचा थर आहे. तार खुपसू नका. छिद्र केसभर मोठे झाले तरी माप कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवा, डोळ्यांवर चष्मा लावून हवेच्या झोताने फुंका, पुन्हा उजेडाकडे धरा.

शेवटी प्लग. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरका असेल तर कमी. बदामी असेल तर मिश्रण जमले.

आता हातातले काम खाली ठेवा आणि या वाटेकडे मागे वळून पहा. हाताशी सर्वात सोपा असतो तो कार्बोरेटरच्या बाहेरचा स्क्रू, म्हणून प्रत्येक जण आधी तोच फिरवतो. जुन्या गाडीत मागच्या मालकांचे असे कितीतरी अंदाज साठलेले असतात. झाकणाच्या छिद्राचा दोष कुणी जेटवर ढकलला, फिल्टरचा दोष कुणी स्क्रूवर. आपण त्यात भर घालायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालवून पाहायची, मगच पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी होईलही, पण कशाने बरी झाली ते कळणार नाही आणि दोष परत आला की आपण पुन्हा अंधारात. संयमाला आपण स्वभावाचा गुण म्हणतो. इथे ती कामाची रीत आहे. जे दिसले ते आणि जे वाटले ते वेगळे ठेवणे, एवढीच ती रीत. माणसांच्या तक्रारी ऐकतानाही ती उपयोगी पडते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेला. पण दूधवाल्याची, पेपरवाल्याची, शेतावर जाणाऱ्याची जुनी गाडी अजून त्याच्यावरच चालते. तुमच्या गावात कार्बोरेटर जाणणारा एखादा जुना मिस्त्री असेल, तर गाडी नुसती टाकून जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा, तो आधी काय पाहतो आणि कशाला हात लावत नाही ते नीट पहा, आणि जे सापडले ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. गाडी पुढे विकाल तेव्हा ती वहीही नव्या मालकाला द्या.